एकफलकी संगणकाचा विद्युत्पुरवठा व जोडणी
(‘रास्पबेरी पाय’ या संगणकाच्या संदर्भात)

कोणत्याही मापनयंत्राच्या बाबतीत बिघाड दोन प्रकारचे संभवतात. पहिल्या प्रकारात यंत्र बंद पडते. दुसऱ्या प्रकारात ते चालू राहते, परंतु चुकीचे आकडे देते. पहिला बिघाड गैरसोयीचा खरा, पण तो तत्काळ कळतो. दुसऱ्याची जाणीव मात्र पुष्कळदा निष्कर्ष लिहून झाल्यावर होते, आणि कित्येकदा मुळीच होत नाही. तळहाताएवढ्या फलकावर मावणाऱ्या स्वस्त संगणकांचा प्रवेश गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या छंदातून संशोधनाच्या मेजापर्यंत झाला आहे. तापमान, आर्द्रता, जलपातळी, प्रकाशाची तीव्रता यांसारख्या राशींची दीर्घकाळ नोंद ठेवण्याच्या कामी ते सर्रास वापरले जातात. अशा वेळी या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाचा विचार अधिक काळजीने करणे अगत्याचे ठरते. या संगणकांच्या बाबतीत असे बिघाड आज्ञावलीपेक्षा विद्युत्पुरवठ्यात व तारांच्या जोडणीत अधिक वेळा उद्भवतात. आणि विद्यार्थ्यांचे लक्ष मात्र बहुधा आज्ञावलीकडेच असते. प्रस्तुत लेखात ‘रास्पबेरी पाय’ या सर्वपरिचित संगणकाचे उदाहरण घेऊन या विषयाची मूलतत्त्वे मांडावयाची आहेत.

१. उगम व स्वरूप

रास्पबेरी पाय प्रतिष्ठान ही धर्मादाय संस्था २००९ मध्ये इंग्लंडात केंब्रिज येथे स्थापन झाली. शाळकरी मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्याची गोडी लागावी, त्यासाठी त्यांच्या हाती मोडतोडीची भीती न बाळगता वापरता येईल असे स्वस्त यंत्र यावे, हा तिचा उद्देश होता. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘मॉडेल बी’ हा पहिला नमुना ३५ डॉलर किमतीस विक्रीस आला. एकाच फलकावर प्रक्रियक, स्मृती, चित्रपटलाची जोडणी आणि यूएसबी खोबण्या असून, कडेला बाह्य मंडले जोडण्यासाठी २६ टोकांची दुहेरी रांग होती. जुलै २०१४ मधील ‘बी प्लस’ या नमुन्यापासून ही टोके ४० झाली, आणि तीच मांडणी पुढील नमुन्यांत कायम राहिली.

मेजावरील नेहमीच्या संगणकात विद्युत्पुरवठ्याचा भाग पेटीतच बसविलेला असतो. तो किती प्रवाह देईल, त्याच्या तारा किती जाड असाव्यात, याचा निर्णय यंत्राच्या निर्मात्याने आधीच घेतलेला असतो. एकफलकी संगणकात हा निर्णय वापरणाऱ्याकडे सोपविला गेला आहे. पुरवठा कोणता, तार कोणती, भार किती, हे सारे तोच ठरवितो. बहुधा न ठरविता, हाताशी असलेला भ्रमणध्वनीचा चार्जर जोडून मोकळा होतो. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

२. पाच व्होल्ट व त्यांची वाटणी

फलकाला बाहेरून पाच व्होल्ट एकदिश दाब पुरवावा लागतो. परंतु फलकावरील थोडेच घटक पाच व्होल्टांवर चालतात. यूएसबी खोबण्यांना हा दाब जवळजवळ जसाच्या तसा मिळतो. बाह्य टोकांना व इतर घटकांना ३.३ व्होल्ट आणि १.८ व्होल्ट लागतात. प्रक्रियकाच्या गाभ्याला तर सुमारे एक व्होल्ट पुरतो. हे निरनिराळे दाब फलकावरच तयार केले जातात. पहिल्या ‘मॉडेल बी’मध्ये ३.३ व्होल्टांसाठी रेषीय नियंत्रक वापरला होता. रेषीय नियंत्रक वरचा दाब उष्णतेच्या रूपाने नाहीसा करतो. म्हणजे पाचातून ३.३ वजा जाता उरणारे १.७ व्होल्ट, अर्थात् पुरविलेल्या शक्तीचा सुमारे ३४ टक्के भाग, केवळ फलक तापविण्यात खर्च होई. ‘बी प्लस’मध्ये त्याऐवजी स्विचन नियंत्रक आले व एकूण शक्तिव्यय अर्धा ते एक वॅट इतका घटला.

निरनिराळ्या नमुन्यांची भूक निरनिराळी आहे. दुसरे काही न जोडलेला फलक सर्वसाधारण कामात किती प्रवाह घेतो, हे पाहिले तर ‘पाय झीरो’ सुमारे १०० मिलिअँपिअर, ‘पाय ३ बी’ ४००, ‘पाय ४ बी’ ६०० आणि ‘पाय ५’ सुमारे ८०० मिलिअँपिअर घेतो. या आकड्यांच्या तुलनेत निर्मात्यांनी सुचविलेले पुरवठे पुष्कळच मोठे आहेत : ‘पाय ३’ साठी २.५ अँपिअर, ‘पाय ४’ साठी ३ अँपिअर व ‘पाय ५’ साठी ५ अँपिअर. ही तफावत अनाठायी नाही. प्रक्रियकाचे सर्व गाभे एकदम कामास लागले की प्रवाह क्षणात वाढतो. शिवाय यूएसबी खोबण्यांत लावलेल्या उपकरणांचा भारही याच पुरवठ्यावर पडतो. सरासरी मागणीचा विचार करून निवडलेला पुरवठा कमाल मागणीच्या क्षणी अपुरा पडतो, आणि यंत्र बिघडते ते त्याच क्षणी.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. पाच अँपिअरचा पुरवठा जोडला तर लहान फलक जळून जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. पुरवठ्यावर लिहिलेले अँपिअर ही त्याची कमाल क्षमता होय; प्रत्यक्ष प्रवाह किती वाहील हे भारावर अवलंबून असते. दाब नेमका असावा आणि प्रवाहाची क्षमता विपुल असावी, एवढे सूत्र पुरेसे आहे. याच्या उलट प्रकारचा गैरसमजही आढळतो. अंकसंगणकाचा ६५ वॅटचा चार्जर ‘पाय ५’ ला सहज पुरेल, असे वाटते. परंतु ते ६५ वॅट २० व्होल्टांवरचे असतात. पाच व्होल्टांवर असे बहुतेक चार्जर तीन अँपिअरच देतात. ‘पाय ५’ हा फलक पुरवठ्याशी संकेतांची देवाणघेवाण करून त्याची क्षमता जाणून घेतो, आणि पाच अँपिअरचे आश्वासन न मिळाल्यास यूएसबी खोबण्यांना मिळून केवळ ६०० मिलिअँपिअर देतो. एरवी ही मर्यादा १.६ अँपिअर असते.

३. तारेचा रोध

पुरवठा उत्तम असला तरी तो फलकापर्यंत पोचविणारी तार तेवढीच उत्तम असेल असे नाही. ओहमचा नियम पदवीपूर्व वर्गातच शिकविला जातो. तथापि आपल्या मेजावरील यूएसबी तारेला तो लागू करून पाहणारे विरळाच. तांब्याची विशिष्ट रोधकता सुमारे १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. स्वस्त यूएसबी तारांमध्ये अमेरिकन मापपद्धतीतील २८ क्रमांकाचा तंतू असतो. त्याचा व्यास ०.३२ मिलिमीटर, म्हणून छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०८१ चौरस मिलिमीटर, आणि रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम होतो. प्रवाहाला जावे लागते तसे परतावेही लागते. म्हणून एक मीटर लांबीच्या तारेचा हिशेब दोन मीटरांचा धरावयास हवा. एकूण रोध ०.४२ ओहमच्या आसपास येतो. या तारेतून केवळ एक अँपिअर वाहिला तरी ०.४२ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. पुरवठ्याच्या टोकाशी नेमके पाच व्होल्ट असले, तरी फलकाच्या पदरी ४.५८ व्होल्टच पडतात.

हाच हिशेब २४ क्रमांकाच्या, म्हणजे ०.५१ मिलिमीटर व्यासाच्या तंतूसाठी केला तर एक मीटर तारेचा जाण्यायेण्याचा रोध ०.१७ ओहम येतो. २० क्रमांकाच्या, म्हणजे ०.८१ मिलिमीटर व्यासाच्या तंतूसाठी तो ०.०६६ ओहमपर्यंत उतरतो. ‘पाय ३’ ने २.५ अँपिअर घेतले असता पहिल्या तारेत ०.४२ व्होल्ट व दुसरीत ०.१७ व्होल्ट एवढी घट होईल. खोबणीतील स्पर्शबिंदूंचा रोध या आकड्यांत धरलेला नाही. खोबणी झिजली वा तीवर धूळ बसली की तोही दखल घेण्याइतका होतो. अधिकृत पुरवठ्यांवर ५.० ऐवजी ५.१ व्होल्ट असे लिहिलेले असते व त्यांची तार पुरवठ्याला कायमची जोडलेली असते, यामागील हेतू आता स्पष्ट व्हावा. तारेतील अटळ घट आधीच भरून काढली जाते, आणि तारेची निवड वापरणाऱ्याच्या हाती राहत नाही.

भ्रमणध्वनीच्या चार्जराविषयीची तक्रार याच संदर्भात समजून घेतली पाहिजे. भ्रमणध्वनीतील विद्युत्घट भरणाऱ्या मंडलाला दाब थोडा घटला तरी चालते. भरण्यास वेळ अधिक लागतो, इतकेच. संगणकाला मात्र ‘थोडे सावकाश’ हा पर्याय नाही. त्याची मागणी एका क्षणात उसळते, व त्याच क्षणी ती पुरी व्हावी लागते.

४. अल्पदाबाची सूचना व तिचे वाचन

‘बी प्लस’पासूनच्या बहुतेक फलकांवर पुरवठ्याच्या दाबावर लक्ष ठेवणारे मंडल आहे, ‘पाय झीरो’ मालिकेत ते नाही. दाब सुमारे ४.६३ व्होल्टांच्या खाली गेला की ते सूचना देते : लाल दिवा मालवतो, आणि चित्रपटल जोडलेले असल्यास कोपऱ्यात विजेचे चिन्ह उमटते. त्याबरोबर प्रक्रियकाची गतीही कमी केली जाते. मापनासाठी ठेवलेल्या फलकाला बहुधा चित्रपटल नसते व त्याचा दिवाही पेटीत झाकलेला असतो. म्हणून हीच माहिती आज्ञेने विचारण्याची सोय उपयोगी पडते. ‘गेट थ्रॉटल्ड’ या आज्ञेला फलक एका षोडशमान संख्येने उत्तर देतो. उत्तर शून्य आले तर चालू झाल्यापासून काही बिघडलेले नाही. ५०००५ असे आले, तर उजवीकडील पाच हा अंक या क्षणी दाब कमी असून गती रोखलेली आहे असे सांगतो; डावीकडील पाच हा अंक तोच प्रकार फलक सुरू झाल्यापासून कधीतरी घडून गेल्याचे दर्शवितो. म्हणजे ५०००० हे उत्तर ‘आता सर्व ठीक, परंतु मध्यंतरी नव्हते’ असा अर्थ सांगते. संशोधकाच्या दृष्टीने हे शेवटचे उत्तर सर्वांत मोलाचे, कारण रात्रीच्या नोंदींत काय घडले याचा तोच एक साक्षीदार असतो.

मल्टिमीटरने दाब मोजून समाधान मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मल्टिमीटर काही काळातील सरासरी दाखवितो. काही सहस्रांश सेकंदांचा खळगा त्याला दिसत नाही. मापकावर ४.९ व्होल्ट स्थिर दिसत असताना फलक मात्र पुनःपुन्हा सुरू होतो, हा अनुभव त्यामुळेच येतो. दाब मोजावयाचा तो पुरवठ्याच्या टोकाशी नव्हे, तर फलकाच्या २ व ६ क्रमांकाच्या टोकांमध्ये, आणि तोही फलक पूर्ण भाराखाली असताना. शक्य असेल तेथे दोलनदर्शकाचा उपयोग करावा.

५. दोन बोधप्रद प्रसंग

या संगणकाच्या इतिहासातील दोन प्रसंग विद्युत्पुरवठ्याचा प्रश्न किती अनपेक्षित वाटांनी उभा राहतो हे दाखवितात.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘पाय २’ बाजारात आला, आणि लवकरच असे आढळले की, छायाचित्रकाच्या झेनॉन दिव्याचा लखलखाट फलकावर पडला की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. कारण पुरवठ्याचे नियमन करणाऱ्या एका चकतीत सापडले. जागा वाचविण्यासाठी ही अर्धसंवाहक चकती नेहमीच्या काळ्या वेष्टनाशिवाय बसविली होती. तीव्र प्रकाशातील फोटॉन सिलिकॉनमध्ये शिरून तेथे विद्युत्भारवाहक निर्माण करीत व नियंत्रकाचा तोल जाई. खोलीतील साध्या प्रकाशाने असे होत नव्हते. झेनॉनचा अल्पकालीन प्रखर झोत वा लेझरचा किरण मात्र पुरेसा होई. चकतीवर अपारदर्शक लेप अगर चिकणमातीसारखा पदार्थ लावणे, एवढाच त्यावरील उपाय होता. प्रकाशविद्युत् परिणाम हा विषय पाठ्यपुस्तकातून बाहेर पडून असा मेजावर उभा राहिला.

दुसरा प्रसंग जून २०१९ मध्ये आलेल्या ‘पाय ४’ चा. या नमुन्यात प्रथमच यूएसबी-सी खोबणी बसविण्यात आली. या पद्धतीत दोन संकेततारा असतात, आणि उपकरणाने त्या प्रत्येकीवर ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रोधक ठेवावयाचा असतो. ‘पाय ४’ च्या आरंभीच्या फलकांवर दोन्ही तारांना मिळून एकच रोधक जोडला होता. साध्या तारेने पुरवठा ठीक मिळे. परंतु ज्या तारेत स्वतःची ओळख सांगणारी चकती असते अशा उंची तारेने जोडल्यास पुरवठ्याला समोर ध्वनिउपकरण असल्याचा भास होई आणि तो वीज देण्याचे नाकारी. पुढील आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. स्वस्त तारेने चालते आणि महाग तारेने चालत नाही, हा चमत्कार एका रोधकाच्या अभावी घडला.

६. टोकांची जोडणी

फलकावरील ४० टोकांपैकी १ व १७ ही ३.३ व्होल्टांची, २ व ४ ही पाच व्होल्टांची, आणि ६, ९, १४, २०, २५, ३०, ३४ व ३९ ही शून्य दाबाची, म्हणजे भूमीची टोके होत. उरलेल्यांपैकी बहुतेक संकेतांच्या देवघेवीसाठी आहेत. या संकेतटोकांना दोन प्रकारचे क्रमांक आहेत, आणि त्यांची गल्लत हा नवशिक्यांचा नित्याचा अपघात आहे. एक क्रमांक टोकाचे फलकावरील स्थान सांगतो. दुसरा प्रक्रियकाच्या दृष्टीने त्या वाहिनीचे नाव सांगतो. उदाहरणार्थ, १७ क्रमांकाची वाहिनी फलकावर अकराव्या स्थानी आहे. आणि सतराव्या स्थानी मात्र ३.३ व्होल्टांचा पुरवठा आहे. आज्ञावलीतील ‘१७’ वाचून जो सतरावे टोक मोजतो, त्याचा दिवा आज्ञेची वाट न पाहता कायम जळत राहतो. आणि तेथे दिव्याऐवजी भूमीकडे जाणारे बटण असले तर ते दाबताच पुरवठाच लघुमंडलित होतो.

संकेतटोकांचा दाब ३.३ व्होल्ट आहे, आणि पाच व्होल्ट सहन करण्याची क्षमता त्यांच्यात नाही. हा नियम शिथिल करता येत नाही. पाच व्होल्टांवर चालणाऱ्या अनेक संवेदकांचा परतीचा संकेतही पाच व्होल्टांचा असतो. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा त्यांपैकी एक. त्याचा संकेत दोन रोधकांनी विभागून घ्यावा. संकेत व टोक यांमध्ये एक किलोओहम, आणि टोक व भूमी यांमध्ये दोन किलोओहम ठेवले, तर टोकावर पाचाचे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३ व्होल्ट येतात. दोन पैशांच्या या दोन रोधकांवाचून संपूर्ण फलक गमावल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

प्रवाहाची मर्यादाही अशीच कडक आहे. एका टोकातून १६ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेऊ नये, व सर्व टोकांचा मिळून तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा, असा सावध संकेत रूढ आहे. प्रकाश-उत्सर्जक डायोड जोडताना मालिकेत रोधक हवाच. तांबड्या डायोडवर दोन व्होल्ट पडतात असे धरले, तर उरलेले १.३ व्होल्ट ३३० ओहमच्या रोधकावर पडून प्रवाह सुमारे चार मिलिअँपिअर होतो, आणि डोळ्यांना तेवढा प्रकाश पुरतो. निवेशी म्हणून वापरलेले टोक मोकळे सोडू नये. मोकळ्या टोकाचा दाब निश्चित नसतो. जवळून गेलेली घरगुती विजेची तारही त्यावर खोटे संकेत उमटविते. टोकाला ३.३ व्होल्टांकडे किंवा भूमीकडे ओढून धरणारा सुमारे ५० किलोओहमचा अंतर्गत रोध आज्ञावलीतून लावता येतो. तार लांब असल्यास बाहेरून दहा किलोओहमचा रोधक लावणे अधिक विश्वसनीय.

७. रिले व इतर प्रवर्तकी भार

पाच व्होल्टांच्या एखाद्या लहान रिलेच्या वेटोळ्याचा रोध ७० ओहम असेल, तर त्याला ७१ मिलिअँपिअर लागतात. एका टोकाच्या मर्यादेच्या हे चौपटीहून अधिक झाले. म्हणून टोकाने रिले थेट न चालविता ट्रान्झिस्टर चालवावा व ट्रान्झिस्टरने रिले. टू-एन-२२२२ या जातीच्या ट्रान्झिस्टरच्या पायाशी एक किलोओहमचा रोधक जोडला असता टोकातून जेमतेम २.६ मिलिअँपिअर जातात, आणि वेटोळ्याचा प्रवाह फलकाच्या पाच व्होल्टांच्या टोकातून घेता येतो.

वेटोळ्याशी समांतर, उलट दिशेने, एक डायोड जोडणे अत्यावश्यक आहे. वेटोळ्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा प्रवाह एकाएकी तोडल्याने नाहीशी होत नाही. स्वप्रवर्तनाच्या नियमानुसार प्रवाह जितका झपाट्याने तुटेल तितका उलट दाब मोठा; पाच व्होल्टांच्या रिलेतूनही त्यामुळे शंभराहून अधिक व्होल्टांचा स्पंद उसळू शकतो. ट्रान्झिस्टर पहिल्याच वेळी फुटेल असे नाही; तो हळूहळू दुर्बळ होतो. दरम्यान तोच स्पंद तारांवाटे शेजारच्या संवेदकाच्या संकेतात मिसळतो. डायोड असल्यास प्रवाहाला फिरण्यास वाट मिळते व ऊर्जा वेटोळ्यातच शांतपणे जिरते. मोटर असेल तर तिचा पुरवठा स्वतंत्र ठेवावा, आणि दोन्ही पुरवठ्यांची भूमी मात्र एक करावी. रिलेच्या दुसऱ्या बाजूस २३० व्होल्टांची घरगुती वीज जोडावयाची असल्यास ते काम ब्रेडबोर्डावर कदापि करू नये. बंद पेटी, योग्य वितळतार व भूसंपर्क यांवाचून तो प्रयोग फलकाच्या नव्हे, माणसाच्या जिवाशी आहे.

भूमीची जोडणी ही केवळ औपचारिकता नव्हे. दोन पिनांच्या पुरवठ्यातील एका लहान धारित्रामुळे त्याच्या बाहेरच्या बाजूस घरगुती विजेचा क्षीण अंश शिरतो. दोन यंत्रे जोडताना भूमीआधी संकेताची तार टेकली, तर हा अंश संकेतटोकातून वाट काढतो. म्हणून भूमीची तार सर्वांत आधी जोडावी व सर्वांत शेवटी काढावी; आणि कोणतीही जोडणी बदलताना पुरवठा बंद असावा.

८. पंच्याऐंशी अंशांचा प्रश्न

आता आरंभी उल्लेखिलेल्या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाकडे वळता येईल. डीएस१८बी२० हा तापमापक या संगणकाबरोबर पुष्कळ वापरला जातो. त्याची संकेततार सातव्या टोकाशी जोडतात, व ती आणि ३.३ व्होल्ट यांमध्ये ४.७ किलोओहमचा रोधक ठेवतात. तो ०.०६२५ अंशापर्यंतचे वाचन देतो, आणि त्यासाठी त्याला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. या तापमापकाचा एक विशेष असा की, त्याला वीज मिळताच त्याच्या नोंदकोशात ८५ अंश सेल्सिअस हा आकडा आपोआप लिहिलेला असतो. मापन पुरे होण्यापूर्वी पुरवठा क्षणभर खचला, तर नोंदकोश मूळ स्थितीवर येतो, आणि संगणक ८५ हाच आकडा तापमान म्हणून वाचून घेतो. आकड्यासोबत येणारी तपासणी-संख्या बरोबर असते. कारण वाचनात चूक झालेलीच नसते. चूक तापमापनात आहे.

दोनच तारांनी काम भागविण्याच्या मोहात ही अडचण वाढते. या रचनेत तापमापक आपली वीज संकेततारेतूनच घेतो. मापनाच्या वेळी त्याला १.५ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. एवढा प्रवाह ४.७ किलोओहमच्या रोधकातून यावयाचा तर त्यावर सात व्होल्ट पडावयास हवेत. आणि उपलब्ध आहेत केवळ ३.३. म्हणून मापनाच्या काळापुरती संकेततार पुरवठ्याशी थेट जोडण्याची वेगळी व्यवस्था लागते. ती नसेल तर तिसरी तार वापरणे हाच सरळ मार्ग होय.

खोलीचे तापमान २८ अंश असताना मिनिटाला एक याप्रमाणे तासाच्या साठ नोंदी घेतल्या, आणि त्यांत एकच ८५ शिरला, असे समजा. तासाची सरासरी २८.९५ अंश येईल. मूळ नोंदी टाकून केवळ सरासरी जपून ठेवली असेल, तर जवळजवळ एक अंशाची ही वाढ कोणालाही संशयास्पद वाटणार नाही. रोज दुपारी रिलेने पंखा सुरू होत असेल व त्याच क्षणी पुरवठा खचत असेल, तर ही वाढ नेमकी दुपारीच दिसेल. आणि तिचे एखादे सुसंगत भौतिक कारणही सुचविले जाईल. प्रत्येक ८५ खोटा असतो असेही नाही. तापविलेल्या पाण्यात तो खराही असू शकतो. म्हणून त्याला डोळे मिटून वगळणे हा उपाय नव्हे. पुरवठा सुधारणे, मूळ नोंदी जपणे आणि प्रत्येक नोंदीबरोबर अल्पदाबाच्या सूचनेचे उत्तरही लिहून ठेवणे, हा तो उपाय होय.

९. वीज गेली असता

वीज अचानक गेल्यास दोन गोष्टींना धोका असतो : नोंदींना आणि वेळेला. एसडी कार्डातील स्मृती लहान पानांनी लिहिली जाते, परंतु मोठ्या गठ्ठ्यांनी पुसली जाते. त्यामुळे कार्डातील नियंत्रक जुनी माहितीही अधूनमधून इकडून तिकडे हलवीत असतो. नेमक्या त्या क्षणी वीज तुटली तर चालू नोंदच काय, तिच्याशी संबंध नसलेली धारिकाही बिघडू शकते. संगणक रीतसर बंद करावा हा नियम यासाठीच आहे.

वेळेचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘पाय ५’ पूर्वीच्या फलकांवर स्वतंत्र घड्याळच नाही. ‘पाय ५’ वर ते आहे, परंतु वीज नसताना चालण्यासाठी त्याला वेगळा लहान घट जोडावा लागतो. घड्याळ नसलेला फलक सुरू झाल्यावर आंतरजालावरून वेळ मिळवितो. तशी जोडणी नसेल तर तो शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. वीज चार तास गेली असेल, तर नंतरच्या सर्व नोंदी सुमारे चार तास मागे पडतात, आणि नोंदवहीत खंड पडल्याचे चिन्हही दिसत नाही. क्षेत्रस्थानी ठेवावयाच्या यंत्रात डीएस३२३१ सारखे घड्याळ ३ व ५ या टोकांवर जोडणे त्यामुळे जरुरीचे ठरते.

विद्युत्घटांचा आधार घेताना हिशेब ऊर्जेचा करावा, केवळ प्रवाहाचा करू नये. १०,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेल्या पेटीतून ‘पाय ३’ ला ४०० मिलिअँपिअरने पंचवीस तास मिळतील, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तो आकडा पेटीतील ३.७ व्होल्टांच्या घटांचा असतो. म्हणजे साठा ३७ वॅट-तासांचा. दाब वाढविण्यातील व्यय पंधरा टक्के धरल्यास हाती सुमारे ३१ वॅट-तास राहतात, आणि दोन वॅटच्या भाराला ते सुमारे पंधरा तास पुरतात. शिवाय काही पेट्या घरगुती विजेवरून घटांवर येताना क्षणभर पुरवठा तोडतात. पेटी विकत घेण्यापूर्वी एवढी एक परीक्षा अवश्य करावी.

वरील विवेचनातील कोणतेही तत्त्व नवे नाही. ओहमचा नियम, स्वप्रवर्तन, दाबविभाजन, ऊर्जेचा हिशेब, हे सर्व पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहे. नवी आहे ती त्यांची जबाबदारी. यंत्र स्वस्त झाले आणि त्याची जुळणी वापरणाऱ्याच्या हाती आली, तेव्हा पूर्वी निर्मात्याने वाहिलेला हा भार संशोधकावर आला. प्रबंधात संवेदकाचे नाव व आज्ञावलीची आवृत्ती नोंदविली जाते, त्याचप्रमाणे पुरवठ्याची क्षमता, तारेची लांबी व जाडी, भाराखाली फलकावर मोजलेला दाब आणि नोंदकाळातील अल्पदाबाच्या सूचना याही नोंदविल्या जाव्यात. चार ओळींच्या या नोंदीमुळे दुसऱ्या संशोधकाला त्या आकड्यांवर किती विसंबावे हे ठरविता येईल, आणि प्रयोग पुन्हा करावयाचा झाल्यास तो त्याच परिस्थितीत करता येईल.